मत क्रमांक सत्याऐंशी

सोमवारी सकाळी आवककाका कार्यालयाच्या तळघराच्या पायऱ्या उतरले, तेव्हा एक लिफाफा पोहत पोहत त्यांच्या पायाशी आला. सवयीने त्यांनी तो उचलला आणि आधी शिक्का पाहिला. शिक्का त्यांचाच होता, सरळ आणि ठसठशीत. मग त्यांनी समोर पाहिलं. तळघरात गुडघाभर पाणी होतं.

आवककाका म्हणजे त्या कार्यालयाचे आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि आणणाऱ्याच्या हातात पोचपावती ठेवायची, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक चिटोरंही हरवलं नव्हतं. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि मिरवायला त्यांच्याकडे हे एवढंच होतं.

कार्यालयाने एका नव्या नियमाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. पूर, उष्मा, वादळ, पाणीटंचाई यांचा आपल्या धंद्याला काय धोका आहे आणि आपल्या धंद्यामुळे हवापाण्याचं काय बिघडतं, ते प्रत्येक व्यावसायिकाने दरवर्षी जाहीर करावं, असा तो नियम. त्यावर मतं मागवली, तर दोनशे बारा बंद लिफाफे आले. मुदत संपेपर्यंत एकही लिफाफा फोडायचा नाही, अशी तिथली शिस्त होती. एकाचं आधी वाचलं आणि दुसऱ्याचं नंतर, असा पक्षपाताचा ठपका नको. म्हणून काकांनी ते सगळे तळघरात, सर्वांत खालच्या फळीवर, क्रमवार लावून ठेवले होते. शुक्रवारी मुदत संपली. रविवारी पाऊस झाला, तोही काही फार नाही, पण मागच्या गल्लीतल्या गटाराला तेवढा पुरला.

साहेबांना बुधवारी नियम मंजूर करणाऱ्या मंडळापुढे तक्ता मांडायचा होता. मत कोणाचं, काय आणि त्यावर कार्यालयाचं म्हणणं काय, असे तीन रकाने. एक जरी मत गहाळ झालं, तरी सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागणार होती आणि काकांच्या सेवापुस्तकात शेरा पडणार होता. साहेब तसे भले गृहस्थ. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "काका, तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं." त्यापेक्षा ते रागावले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

मग लिफाफे फोडून वाळवणं सुरू झालं. पंख्याखाली पसरले, तर कागद खोलीभर उडाले आणि क्रमांक एकमेकांत मिसळले. म्हणून सुतळी बांधून ते टाचण्यांनी टांगले. जागा पुरेना, तेव्हा एक दोरी साहेबांच्या खोलीतूनही नेली. तिथे नेमके व्यापारी संघाचे अध्यक्ष भेटायला आलेले. 'पुराचा उगाच बाऊ करू नये' असं लिहिलेलं त्यांचंच पत्र त्यांच्या टकलावर थेंब थेंब गळत राहिलं. अध्यक्ष रुमालाने डोकं पुसत होते आणि साहेब छताकडे न पाहण्याची पराकाष्ठा करत होते.

दुपारपर्यंत कागद वाळले, पण पापडासारखे वाकडे झाले. टंकलेखक म्हणाला, "काका, मागच्या गल्लीत लॉन्ड्री आहे. इस्त्री करून आणा." काकांना पटलं. दोन पिशव्या भरून ते निघाले.

लॉन्ड्रीवाल्या बाई पन्नाशीच्या, तोंडाने तिखट आणि हाताने हलक्या. सरकारी कागदांना इस्त्री करायची म्हटल्यावर त्यांनी काकांकडे एकदा नीट पाहिलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. कागद शेकू लागले. काका एकेक हातात घेऊन वाचत क्रम लावू लागले आणि दहाव्या कागदाशी थबकले. मजकूर तोच होता. विसावाही तोच, पन्नासावाही तोच. संघाने छापून वाटलेलं पत्र प्रत्येकाने सही ठोकून पाठवलं होतं. 'आमच्या धंद्याचा हवामानाशी काहीही संबंध नाही,' असं छत्रीवाल्याने लिहिलं होतं आणि बर्फाच्या कारखानदारानेही. एका पत्रात तर 'येथे आपल्या दुकानाचे नाव लिहावे' हे तसंच राहिलं होतं.

"एका घरच्या चादरी दिसतात सगळ्या," बाई म्हणाल्या.

काकांच्या जिवात जीव आला. एक वाचता आलं म्हणजे सगळी वाचता आली. दोनशे अकरा मतं सुखरूप होती. राहिलं फक्त एक, सत्याऐंशी क्रमांकाचं. ते शाईने हाताने लिहिलेलं होतं, आणि आता त्यावर निळ्या ढगाखेरीज काही उरलं नव्हतं. लिफाफ्यावर कोपऱ्यात 'तातडीचे' एवढं मात्र दिसत होतं, आणि त्या अक्षरांवरच काकांनी शिक्का मारलेला होता.

काकांच्या मनात पाप आलं. तक्त्यात सत्याऐंशीसमोर 'वरीलप्रमाणे' लिहिलं, तर कोणाच्या बापाला कळणार होतं? दोनशे अकरा जण एकच बोलतात, तिथे दोनशे बारावा वेगळं काय बोलणार? पण मन धजेना. एकतीस वर्षांत त्यांनी कागद हरवला नव्हता, तसा कोणाच्या तोंडी न बोललेला शब्दही घातला नव्हता.

"या बिचाऱ्याने काय लिहिलं होतं, देव जाणे," ते पुटपुटले.

बाईंनी इस्त्री उभी केली. "देवाला कशाला त्रास देता? माझंच आहे ते." आणि त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी काढून पुढे धरली. पोचपावती, क्रमांक सत्याऐंशी, सही काकांची.

काका ओशाळले. "बाई, माफ करा. माणसं लक्षात राहत नाहीत माझ्या, क्रमांक राहतात. काय लिहिलं होतं तुम्ही?"

"लिहिलं होतं, की मला धोका गटाराचा आहे. दोन वर्षांपूर्वी पाणी शिरलं, तेव्हापासून मशिनं विटांवर चढवलीत." त्यांनी खाली बोट दाखवलं. "आणि लिहिलं होतं, की हेच गटार पुढे तुमच्या तळघराच्या खिडकीशी जातं. जाळीतून तुमचे कागद दिसतात मला, अगदी जमिनीलगत ठेवलेले. पुढच्या पावसात भिजतील, तेवढे उचलून वर ठेवा."

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे चांगला गुडघाभर साचला होता. दोनशे बारा जणांत एकीनेच खरं लिहिलं, आणि तेच त्यांनी मोहरबंद करून त्याच पाण्याच्या वाटेवर नेऊन ठेवलं. आता हे तक्त्यात लिहायचं, म्हणजे दोन महिने आधी सूचना मिळाली होती, हे स्वतःच्या हाताने कबूल करायचं.

मंगळवारी तक्ता साहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी सत्याऐंशीची ओळ दोनदा वाचली. मत: तळघरात पाणी शिरेल, कागद वर ठेवावेत. कार्यालयाचं म्हणणं: बरोबर आहे, शिरलं.

"काका, हे असंच मंडळापुढे न्यायचं? शेरा टाळता येणार नाही मला."

"साहेब, ठाऊक असलेला धोका लपवू नये, हे मसुद्यात तुम्हीच लिहिलंय. लोकांकडून मागायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं दिसत नाही."

मंडळ आधी हसलं आणि मग त्याने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. नियम मंजूर झाला, पण एका दुरुस्तीसह: पहिलं जाहीर निवेदन या कार्यालयाने स्वतःचं द्यावं. काकांच्या सेवापुस्तकात शेरा पडला तो असा: 'सूचना वेळेत वाचली नाही, मात्र लपवली नाही.' त्यातला पहिला अर्धा काकांना रात्रभर बोचला. सकाळी बायकोने शेऱ्याच्या नकलेतला दुसरा अर्धा मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली चहा उतरला.

आठवड्याने कार्यालयाचं आभारपत्र घेऊन काका स्वतः लॉन्ड्रीत गेले. बाईंनी हात पुसून ते घेतलं, वाचलं आणि मागितली तशी पोच सही करून दिली. मग स्टुलावर चढून त्यांनी पत्र सगळ्यात वरच्या फळीवर, धुतलेल्या चादरींच्याही वर ठेवलं.

"एवढं उंच कशाला?" काकांनी विचारलं.

"तुमच्या कार्यालयाचा कागद आहे," बाई खाली उतरत म्हणाल्या. "याला पाण्याची ओढ असते."