मेणाची बैठक

रावसाहेबांनी मोटारीला मेण लावण्याचे ठरविले, ते मोटारीवरील मायेपोटी नव्हे, तर भंगारवाल्याच्या धास्तीने.

"आज संध्याकाळी भंगारवाला येणार आहे, मी बोलावलंय," चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवीत बाईसाहेब म्हणाल्या. "तोवर ती गाडी चारचौघांत उभी करण्यासारखी दिसली तर राहील. नाही तर जाईल."

"अगं, पण इंजिन अजून ठणठणीत आहे!"

"इंजिन आत असतं. लोकांना बाहेरचं दिसतं. काल शेजारीण विचारत होती, गाडीवर राख कुणी सांडली म्हणून."

रावसाहेब हे निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या मनात त्या मोटारीला जे स्थान होते, ते बाईसाहेबांना कधी उमगले नाही. घरातील प्रत्येक खुर्चीवरून त्यांना कोणी ना कोणी उठविलेले होते. केर काढायचा म्हणून उठविले, पाहुणे आले म्हणून उठविले, पंख्याखालची जागा हवी म्हणूनही उठविले. मोटारीतील चालकाची जागा तेवढी निर्विवादपणे त्यांची होती. ती भंगारात जाणे म्हणजे या जगात त्यांना हक्काने टेकायला जागाच न उरणे.

माळ्यावरून त्यांनी मोटारीच्या मेणाचा जुना डबा काढला. झाकण उघडून पाहतात, तो मेणाचा पार दगड झालेला. नखाने कोरून पाहिले, नख वाकले. डब्यावर बारीक अक्षरांत छापले होते : 'घट्ट झाल्यास मऊ करून घ्यावे. ज्योतीजवळ नेऊ नये. वर्तुळाकार चोळावे.' रावसाहेबांनी छापील सूचनेचा अवमान आयुष्यात केलेला नव्हता (आगपेटीदेखील ते वाचून उघडीत). तेव्हा गॅस बाद झाला. राहिला कोमट पाण्याचा मार्ग; पण तो स्वयंपाकघरातून जात होता.

"एखादं पातेलं मिळेल का?"

"कशाला?"

"हा डबा जरा गरम पाण्यात ठेवावा म्हणतो."

बाईसाहेबांनी दुरूनच डब्याचा वास घेतला. "पातेलं नाही, वाटी नाही, चमचासुद्धा नाही! आणि हे घाण मेण पुन्हा घरात दिसलं, तर भंगारवाल्याला आत्ताच्या आत्ता बोलावीन."

रावसाहेबांनी अंगणात जाऊन गॅरेजवाल्याला फोन लावला.

"सोपं आहे साहेब," तो म्हणाला. "थोडं थोडं फडक्यात घ्या न् हातात मळा. अंगाच्या उबेनं होतं मऊ."

वरून आलेल्या सूचनेत तत्त्व तेवढे ठेवून अंमलबजावणी सुधारावी, अशी रावसाहेबांची कार्यालयातील जुनी सवय. तळहात ते केवढे, आणि त्यांची ऊब ती किती! शरीराच्या ज्या भागाचा विस्तार मोठा, ज्याला वजनाची साथ, आणि ज्याला दीर्घ सेवेचा अनुभव, त्याच भागाकडे हे काम सोपविणे त्यांना रास्त वाटले. त्यांनी उभी हयात बसून काढली होती. आज त्या साधनेचे चीज होणार होते.

स्क्रूड्रायव्हरने त्यांनी मेणाची अख्खी वडी उचकटून काढली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळली, आणि दुपारी बाईसाहेबांचा डोळा लागताच दिवाणखान्यातील उंच खुर्चीवर ठेवून ते वर्तमानपत्रासह तीवर स्थानापन्न झाले.

अग्रलेख संपला. वडी जशीच्या तशी होती. (अग्रलेखही तसा कडकच होता.) इतक्यात दार उघडून बाईसाहेबांच्या मावशी आत आल्या. मावशींचे गुडघे सोफ्यावर बसण्याच्या पलीकडे गेलेले होते. त्या नेहमी त्या उंच खुर्चीवरच बसत.

"उठा हो जावईबापू. माझी खुर्ची द्या."

"मावशी, आज तुम्ही सोफ्यावर..."

"सोफ्यात एकदा बसले की मला उपसायला दोन माणसं लागतात! उठा."

रावसाहेब हलले नाहीत. बाईसाहेब डोळे चोळीत बाहेर आल्या.

"अहो, मावशी उभी आहे!"

"दिसते आहे मला."

"मग उठा की!"

"आत्ता उठता येणार नाही."

मावशींनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. "कंबर धरली का हो?"

"हो, धरली आहे," रावसाहेब म्हणाले. (हे अगदीच असत्य नव्हते, दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःची कंबर खरोखरच धरली होती.)

"मग तोंड मिटून काय बसता! अगं, गरम पाण्याची पिशवी आण लवकर!"

"पिशवी नको, मावशी!"

"गप्प बसा. माझ्या ह्यांची कंबर मी जन्मभर शेकली आहे."

पिशवी आली. मावशींनी ती त्यांच्या खाली सारली, आणि त्या दचकल्याच. "अगो बाई! इथे काहीतरी टणक लागतंय!"

"हाड असेल," रावसाहेब क्षीण स्वरात म्हणाले.

"एवढं? आपल्या जागेवरून सरकलंय गं हे! दाबून बसा, जावईबापू. दाबून!"

जावईबापू दाबून बसले. ऊब आली, मग ऊन आले, मग चटका आला. सूचनेत ज्योतीचा निषेध होता, पिशवीचा नव्हता, म्हणून त्यांनी तोही सोसला. खालची वडी बसक्या गुळासारखी दबू लागली. मावशी सोफ्याच्या हातावर टेकून चहा घेत मधून मधून चाचपून पाहत होत्या.

"बघ, मऊ पडतंय. शेकानं हाड जागेवर बसतंय!"

बाईसाहेबांनी मात्र नाक वर केले. "कसला वास येतोय हो?"

"मलमाचा असेल."

"मलम कुणी लावलंय? उठा."

"कंबर..."

"उठा म्हणते ना!"

रावसाहेब उठले. खुर्चीची गादीही सोबत उठली, आणि थोडा विचार करून खाली पडली. दचकलेल्या मावशींच्या हातातला चहा थेट त्यांच्या पॅंटच्या पार्श्वभागावर सांडला. पण कापड भिजले नाही. चहाचे मोती झाले आणि एकामागून एक घरंगळत जमिनीवर गेले. ते दृश्य तिघेही थक्क होऊन पाहत राहिले. रावसाहेब मान मोडेपर्यंत वळून. मेण उत्तम प्रतीचे होते, याविषयी आता शंका उरली नव्हती.

त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली.

"आला भंगारवाला," बाईसाहेब म्हणाल्या.

रावसाहेब मागच्या दाराने रस्त्यावरच्या मोटारीकडे धावले. बनियन रिकामे झाले होते. सारे मेण पॅंटमध्ये मुरले होते. पॅंट काढून हातात घेणे हा एक उपाय होता. पण हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला भर रस्त्यावर तो परवडणारा नव्हता. त्यांनी मोटारीकडे पाठ केली, बॉनेटला टेकले आणि छापील सूचनेनुसार वर्तुळाकार चोळू लागले.

वरच्या गॅलरीतून हाक आली, "काय हो रावसाहेब, पाठ खाजते का?"

"मेण लावतो आहे!"

"कशानं?"

या प्रश्नाचे सभ्य उत्तर त्यांच्या शब्दसंग्रहात नव्हते. एक दूधवाला सायकल थांबवून उभा राहिला. समोरच्या शिंप्याने मशीन बंद केले. रावसाहेबांनी डोळे मिटले आणि वर्तुळे वाढविली.

बाईसाहेब, मावशी आणि भंगारवाला येऊन उभे राहिले, तेव्हा ते घामाघूम होऊन बाजूला झाले. बॉनेटच्या मध्यभागी परातीएवढा एक गोल लखलखत होता. भंगारवाला वाकला आणि त्यात पाहून त्याने मिशी सारखी केली. बाईसाहेबही वाकल्या, त्यांनी कानामागे केसांची एक बट सारली. मग दुसऱ्या कानामागेही सारली.

"राहू दे गाडी," अखेर त्या म्हणाल्या.

रावसाहेबांची छाती फुगली. इंजिनही ऐकवून टाकावे, अशा ऐटीत त्यांनी दार उघडले आणि ते आपल्या हक्काच्या जागेवर बसले. परंतु आसन गुळगुळीत रेक्झिनचे, आणि पॅंट चोळून चोळून बॉनेटइतकीच चकचकीत झालेली. ते बसले, आणि बसल्या बसल्या पुढे निघाले. पोट स्टिअरिंगखालून गेले, गळपट्टी गेली, टक्कल गेले. शेवटी स्टिअरिंग धरलेले दोन हात तेवढे बाहेरून दिसत राहिले.

"अगं, जरा हात दे!" खालून आवाज आला.

भंगारवाल्याने काचेतून आत डोकावून पाहिले. "बाई, माझ्या टेम्पोत पहार आहे. साहेबांना तेवढं काढून देऊ का?"

"नको," बाईसाहेब घराकडे वळत म्हणाल्या, "गाडी मी आतल्या सामानासकट ठेवून घेतली आहे."