नागप्पाअण्णांची सुई

नागप्पाअण्णा नव्या माणसाचं नाव विचारत नसत, त्याचा दंड बघत. मी खटकचिंचोळीच्या शाळेत मास्तर म्हणून हजर झालो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं मागायला गेलो. त्यांनी आधी माझ्या सदऱ्याची बाही वर सारली, देवीच्या लशीचा वण चष्म्यातून न्याहाळला आणि म्हणाले, "काम कच्चं हाय. परमुलखातला हात दिसतोय." खोली मात्र दिली.

अण्णा सरकारी लस टोचणारे. देवीचा रोग देशातून गेला, पाठोपाठ अण्णाही निवृत्त झाले. रोग आपल्यालाच भिऊन पळाला, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. बाजारात एखाद्या तगड्या गड्याला अडवून ते चारचौघांत सांगत, "ह्यो माझा हाय. टोचायला गेलो तर कणगीत लपून बसला हुता." सोबत त्याची बायको असली तर जरा जास्तच सविस्तर. "मुंगी चावल्यागत" हे त्यांचं दुसरं ठरलेलं बोलणं. कुणाला विंचू चावो की कुणाची बदली होवो, अण्णांचं निदान तेच.

अख्खा तालुका टोचून काढलेल्या या माणसाच्या घरातच एक दंड कोरा होता, तो थोरल्या बहिणीचा, भाग्यक्काचा. नवरा वारल्यावर ती भावाकडं आली आणि अण्णांचं लग्न राहिलं ते राहिलंच. दोघं दिवसभर भांडत. दोघांनाही साखरेचा रोग, त्यामुळं अण्णा अक्कापासून गूळ लपवत आणि अक्का अण्णांपासून. अक्का गोळ्या घेई, पण सुईचं नाव काढलं की म्हणे, "माझ्या अंगाला भोक पाडायचं न्हाई."

एका वर्षी अण्णा हैदराबादच्या डॉक्टरांना दाखवून आले ते गंभीर होऊनच. "सर, साखरवाल्याचा साधा थंडीताप साधा ऱ्हात न्हाई. साखर भडकती, ताप छातीत उतरतो. फ्लूची लस हाय म्हणं, थंडीच्या आधी दरसाल घ्यायची."

त्या लशीचं नाव तेव्हा आमच्या भागात कुणी ऐकलंही नव्हतं. डॉक्टरांनी खटपट करून मागवली आणि अण्णा बर्फाचा थर्मास घेऊन ती आणायला गेले. येताना मन्नाएखेळ्ळीला बस चहाला थांबली, तरी थर्मास मांडीवरून हलला नाही. हुमनाबादला उतरेपर्यंत धोतर गळत होतं आणि त्याचा खुलासा ते भेटेल त्याला देत आले.

बाटल्या दोन मागितल्या होत्या, मिळाली एकच, एका माणसापुरती. हे त्यांनी फक्त मला सांगितलं.

अक्का ठरल्याप्रमाणे अडून बसली. बऱ्याच वादानंतर म्हणाली, "आधी तू घे माझ्यासमोर. मग बघते."

अण्णांनी आपली जुनी पेटी काढली. मग त्यांनी काचेची पिचकारी आणि दोन सुया उकळल्या. दवाखान्यात औषधाची पूड कालवायला शुद्ध पाण्याची कुपी असते, तसली एक त्यांच्या पेटीतून निघाली. अक्काला वाचता येत नव्हतं. अण्णांनी ते पाणी स्वतःच्या दंडात टोचून घेतलं. नुसतं पाणी फार झोंबतं.

"मुंगी चावल्यागत म्हणतोस, अन् डोळ्यांत पाणी कामून?" अक्कानं विचारलं.

"हैदराबादची मुंगी हाय. कर दंड इकडं."

अक्कानं दंड पुढं केला आणि खरी लस तिला मिळाली.

ती थंडी वाईट गेली. घरटी एक जण तापानं पडला. अक्का ठणठणीत राहिली आणि अण्णा तीन आठवडे अंथरुणाला खिळले. दोनदा तर बिदरला न्यायला आम्ही जीप सांगून ठेवली होती. अक्का उशाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "माझी लागू पडली, ह्याची वाया गेली. सोताला टोचताना ह्याचा हात थरथरायला हुता." लोक हसत. ज्याच्या हाताला उभ्या आयुष्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं, तो माणूस भिंतीकडं तोंड करून ऐकत राही. मला ते बघवत नसे.

एकदा अक्का पाणी आणायला आत गेली, तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, मी तिला खरं सांगून टाकतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. हात चांगलाच तापला होता. "नका, सर. कळलं तर पुढच्या साली ती दंड द्यायची न्हाई. तिला काय झालं तर ह्या घरात मी कुणासंगं भांडू?"

अक्का तांब्या घेऊन आली. "काय बोलायलाव दोघं?"

"सर म्हणायलेत, तुझंच खरं हाय," अण्णा म्हणाले. "माझा हात थरथरायला हुता."