प्रलय, गुरुवारी सहा ते सात

आमच्या इमारतीच्या तळघरात, जगाचा शेवट जवळ आल्यास वापरावयाची एक खोली आहे. भिंती हातभर जाड, दार पोलादी, दाराला आतून दोन दांडे. फिनलंडमध्ये मोठी इमारत म्हटली की तळाशी दोन गोष्टी येतातच, आसरा आणि साउना, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेत घाम काढायची खोली. पहिली न मरण्यासाठी, दुसरी जगण्यासाठी. साउना प्रत्येक कुटुंब आठवड्यातून एकदा, आपापल्या ठरल्या वारी वापरते. आसरा कधीच वापरला गेला नाही, म्हणून तिथे सर्वांनी आपापले सामान ठेवले.

सामान तसे साधेच. स्की, हिवाळी टायर, कोणाचे तरी प्लास्टिकचे नाताळचे झाड, आणि आमच्या गृहसंस्थेचे अध्यक्ष राइमो यांची व्यायामाची सायकल. निवृत्त झाल्यावर ते ती रोज चालवणार होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. ही सायकल नेमकी उंबऱ्यावर उभी होती, आणि त्यामुळे दार लागत नव्हते.

मला हे कळले ते लेम्पीची बाबागाडी ठेवायला गेले तेव्हा. लेम्पी माझी मुलगी, वय तेव्हा दहा महिने. ती जन्मल्यापासून मी घरातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक प्लग आणि प्रत्येक बातमी हात लावून तपासते. खिडक्या आणि प्लग ठीक आहेत. बातम्यांचे तसे सांगता येत नाही. सीमा आमच्या लाहती शहरापासून फार लांब नाही, आणि सीमेपलीकडे कोण राहते हे आमच्याकडे कोणाला नकाशा उघडून बघावे लागत नाही. लेम्पीला उचलून कुठे पळायचे, एवढे एकच मला पक्के ठरवून ठेवायचे होते.

म्हणून वार्षिक सभेत मी हात वर केला.

"आसऱ्याचं दार लागतं का?"

आमच्या सभा शांतच असतात. त्यांत कोणी प्रश्न विचारत नाही.

"तुम्ही निराशावादी आहात का, हेल्मी?" राइमोंनी विचारले.

"मी लेम्पीची आई आहे."

"ते एकच झालं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. आसरा रिकामा करायचा म्हणजे जगाचं काही खरं नाही, हे संस्थेनं मान्य करायचं. आता जगाचं काही खरं नाही, हे खरं आहे का? ते आधी ठरू दे. नाहीतर उगाच माझी सायकल हलवायची."

"अहो, पण वेळ आली तर?"

"वेळ आली तर बहात्तर तासांत आसरा तयार करावा, असा कायदाच आहे."

"म्हणजे शत्रूनं तीन दिवस आधी कळवायचं?"

"शेजारी आहेत," राइमो म्हणाले. "कळवतील."

तेव्हा 'जगाच्या स्थितीविषयीची निराशा वास्तववादी आहे किंवा कसे' याचा अभ्यास करण्यासाठी तीन जणांचा कार्यगट नेमण्यात आला. आशेच्या बाजूने राइमो, निराशेच्या बाजूने मी, आणि तटस्थ म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या विएनो आजी. आजींचे वय पंच्याऐंशीच्या पुढे असून त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, हे तटस्थतेला पुरेसे मानण्यात आले.

बैठका साउनाशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत होत. कॉफी आजींची, वेलदोड्याचे बन माझे. राइमो फक्त मुद्दे आणत.

"लहान मुलं पूर्वीइतकी दगावत नाहीत," ते बोटांवर मोजू लागले. "शाळेत जास्त जातात. देवीचा रोग गेला. दात म्हातारपणापर्यंत टिकतात. वर आपण जगातला सगळ्यात सुखी देश. यंदाही पहिला नंबर!"

"तू सुखी आहेस का रे?" आजींनी चांगला कान पुढे करून विचारले.

राइमोंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तक्रार नाही."

आमच्याकडे आनंदाने वेडा झालेला माणूस याहून जास्त बोलत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी युद्धांपासून सुरुवात केली आणि वितळत्या बर्फावरून, मेलेल्या मधमाश्यांवरून आईच्या दुधात सापडणाऱ्या प्लास्टिकच्या कणांपर्यंत आले. राइमो ऐकत होते. मग म्हणाले, "एवढं सगळं वाचता, तर मुलीला झोपवता कधी?"

"ती बाहेर झोपते. बाल्कनीत."

"उणे दहात?"

"थंडीत गाढ झोप लागते."

"लिहून घ्या," राइमो म्हणाले. लिहून घ्यायचे काम माझ्याकडेच होते. "दहा महिन्यांचं पोर उणे दहात एकटं बाल्कनीत ठेवते आणि म्हणते, मला भीती वाटते!"

"थंडीचं वेगळं असतं," मी म्हणाले. यावर मात्र कार्यगटाचे लगेच एकमत झाले. थंडीचे वेगळे असते.

उरल्या विएनो आजी. त्यांचे मत निर्णायक ठरणार होते.

"मी पाळण्यात होते तेव्हा वरून बॉम्ब पडत होते," आजी म्हणाल्या. "आई खाली बटाटे सोलत होती. मग बरं झालं. मग वाईट झालं. मग पुन्हा बरं झालं. आता गुडघा."

"म्हणजे तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"मी शुक्रवारची."

शुक्रवारी सहा ते सात हा साउनाचा सर्वांत चांगला वार. आठवडा संपलेला असतो, दगड तापलेले असतात, पुढे दोन दिवस सुट्टी. इमारत झाली त्या वर्षापासून तो आजींकडे आहे. उन्हाळ्यात त्या तळ्याकाठच्या झोपडीवर राहायला जातात, तेव्हा शुक्रवारी सहाला साउना रिकामा तापतो आणि रिकामाच निवतो. आत पाऊल टाकायचे कोणाच्या मनातही येत नाही. त्यांच्यानंतर तो वार मिळावा म्हणून अर्ज केलेल्यांपैकी दोघे जण त्यांच्या आधी गेले.

अहवाल एका वाक्याचा होता. 'जगाच्या स्थितीविषयीची निराशा अंशतः वास्तववादी असल्याचे आढळून आले.' यातला 'वास्तववादी' माझा. 'अंशतः' राइमोंचा. 'असल्याचे आढळून आले' आजींनी घालायला लावले, कारण त्यामुळे कोणाचा दोष राहत नाही.

निराशा अंशतः, म्हणून आसराही अंशतः रिकामा झाला. एक रविवार सर्वांनी मिळून टायर वाहिले, सॉसेज भाजले, आणि संध्याकाळपर्यंत अर्धी खोली मोकळी झाली. राइमोंची सायकल आशेच्या अर्ध्यात येत होती. दार दोन्ही अर्ध्यांच्या सीमेवर असल्यामुळे त्याचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

मग नवा प्रश्न उभा राहिला. अर्ध्या खोलीत बसणार कोण? दाटीवाटीने सगळे मावले असते. पण अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसण्यापेक्षा बाहेर जे काय पडेल ते परवडले, असे बहुतेकांचे मत पडले. सभेत प्रथमच भांडण होते की काय असे वाटू लागले. एकाने खुर्चीही सरकवली.

तेव्हा माझाच नवरा, यार्नो, मागून म्हणाला, "साउनासारखं करायचं ना मग."

तो गमतीने म्हणाला होता. पण सभागृहातून सुटकेचा असा निःश्वास निघाला की त्याला हसायचे राहून गेले. साउनाच्या वारांवरून आमच्याकडे कधी भांडण झालेले नाही. झाले असते तर इमारत उभी राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी दारावर तक्ता लागला. प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातून एक तास आसरा. लहान मूल असलेल्यांना सोयीचे म्हणून आम्हाला गुरुवारी सहा ते सात. शुक्रवारी सहा ते सात, विएनो आजी.

"आणि हल्ला मंगळवारी झाला तर?" मी विचारले.

"मंगळवारवाल्यांशी अदलाबदल करता येईल," राइमो म्हणाले. "दोघांच्या सह्या हव्यात. आदल्या दिवशी दुपारपर्यंत."

आता वार करणाऱ्याने वार बघून वार करावा, एवढीच अपेक्षा उरली.

मी हरकत घ्यायला हवी होती. शिकलेली बाई मी. पण खरे सांगायचे तर मला हलके वाटले. इतके दिवस जगाचा शेवट कधीही येऊ शकत होता, आता निदान आमच्या बाजूने दिवस ठरला होता. पहिल्या गुरुवारी आम्ही तिघे खाली जाऊन बसलो, कारण मिळालेला तास न वापरणे म्हणजे तो वाया घालवणे. लेम्पी सिमेंटच्या जमिनीवर रांगली. यार्नोने पेपर वाचला. मी दोन्ही दांडे पुसले.

हळूहळू सगळेच जाऊ लागले. सोमवारचे कुटुंब तिथे पत्ते खेळे. विएनो आजी शुक्रवारी दुपारीच साउना उरकून घेऊ लागल्या, आणि सहाला थर्मास घेऊन आसऱ्यात बसू लागल्या. दोन्ही शुक्रवार त्यांचेच आणि दुपारी साउना कोणाचाच नसतो, त्यामुळे कोणाची आडकाठी नव्हती. कोणी बुधवारच्या बदल्यात रविवार मिळावा म्हणून जंगली बोरांच्या मुरंब्याची बरणी देऊ केल्याचे कानावर आले. राइमो खूश होते. "बघा," मला जिन्यात म्हणाले, "व्यवस्था लावली की निराशा कशी नियमात येते!"

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला धोक्याचा भोंगा वाजवून बघतात. ज्या आवाजाला पळायचे, त्या आवाजावर आम्ही घड्याळे लावून घेतो.

पण त्या दिवशी सोमवार नव्हता. बाराही वाजले नव्हते. शुक्रवारची संध्याकाळ होती, मी लेम्पीला गाजराची पेज भरवत होते, आणि भोंगा वाजला. वर चढला, खाली उतरला, पुन्हा वर चढला. चाचणीचा भोंगा एकाच सुरात वाजतो; ही खरी सूचना.

वर्षभर ज्याची तालीम मनात केली होती ते सगळे हातांनी आपोआप केले. खिडकी, गॅलरीचे दार, पाण्याची बाटली, लेम्पी कडेवर. यार्नोने जॅकेट उचलले. जिन्यात इमारत उतरत होती, एकही शब्द न बोलता.

खाली आसऱ्यासमोर रांग लागली होती. माणसामाणसांत दोन हात अंतर, बसथांब्यावर सोडतो तसे. सर्वांत पुढे राइमो. दार सायकलीमुळे नेहमीसारखे हातभर उघडे होते. आत दिवा होता. विएनो आजींचे लोकरी मोजे दिसत होते.

"आत का जात नाही?" यार्नो हळूच म्हणाला.

राइमोंनी त्याच्याकडे बघितले, आणि मग दारावरच्या तक्त्याकडे.

"अहो, भोंगा वाजतोय!"

"ऐकू येतंय. पण तास त्यांचा आहे."

"कोण आहे रे?" आतून आजींनी विचारले.

"आम्हीच, विएनो. धोक्याची सूचना झाली आहे."

"असं होय." आजी समाधानाने म्हणाल्या. "माझ्याच वेळेत झाली म्हणायची. तुम्हाला आत यायचं होतं का?"

"नाही, नाही!" रांग एका आवाजात म्हणाली. त्यात माझाही आवाज होता.

"हेल्मी," यार्नोने मला कोपराने ढोसले, "जा ना तू. पोर आहे तुझ्याकडे. कोण काय म्हणतंय?"

"आपला वार काल होता," मी म्हणाले.

लेम्पी रडू लागली. भोंग्याने की उरलेल्या पेजेच्या आठवणीने, कोण जाणे. हात अवघडला म्हणून मी तिला क्षणभर जमिनीवर ठेवले, आणि ती निघाली. राइमोंच्या बुटांमधून, सायकलीच्या पॅडलखालून, सरळ आत. दर गुरुवारची तिची पायवाट होती ती. पोलादी दाराच्या आत, हातभर भिंतींच्या आत, ज्या एका जागी ती पोहोचावी म्हणून मी सभेत हात वर केला होता, कार्यगटात बसले होते, टायर वाहिले होते, तिथे ती पोहोचली. वरून भोंगा ओरडत होता. सगळी रांग वळून माझ्याकडे बघत होती.

"लेम्पी!" मी ओरडले. "बाहेर ये आधी! आपला वार नाहीये!"

"असू दे ग," आजी म्हणाल्या. "पाहुणी आहे माझी."

"माफ करा हं," मी फटीतून म्हणाले. "तिला अजून कळत नाही."

पुढे भोंगा थांबला. रेडिओवर सांगितले की कुठलीशी तार बिघडल्यामुळे हे घडले, नागरिकांनी काळजी करू नये. आम्ही करत नव्हतो. रांग तशीच उलटी फिरून वर गेली. आजी मात्र सातला बाहेर आल्या, एका हातात थर्मास, एका काखेत लेम्पी, आणि लेम्पीच्या तोंडात अर्धा बन.

लेम्पीला घेऊन आम्ही जिना चढू लागलो. यार्नो म्हणाला, "तुला उगाच सगळे निराशावादी म्हणतात."

"म्हणजे?"

"निराशावादी बाईनं राइमोला ढकलून दिलं असतं. तू पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायला तयार होतीस."

पुढच्या सभेत अध्यक्षांनी निवेदन केले की प्रत्यक्ष धोक्याच्या प्रसंगी सर्व सभासदांनी वेळापत्रकाचे काटेकोर पालन केले. नियमभंगाचा एकच प्रकार घडला. संबंधित व्यक्ती तेरा महिन्यांची असून तिला आईमार्फत समज देण्यात आली आहे. सभेने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मांडीवरच्या लेम्पीचे हात धरून तिलाही वाजवायला शिकवल्या. सायकलीचा विषय वेळेअभावी राहिला.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ दे. रोज रात्री तुम्हीही बातम्या बघता, जगाचे आता काही खरे नाही म्हणता, आणि मग सकाळचा गजर लावून झोपता. माझे म्हणणे एवढेच की, गजर लावताना प्रलयाचा वारही एकदा विचारून ठेवा. आमचा गुरुवार. तुमचा वार कोणता?