नळी, बाटली आणि मेटकाफबाईंची डचेस

शत्रू दारात आला की रानटी माणूस दगड उचलतो आणि सुसंस्कृत माणूस दगडांची तुलना करतो. आमचा यॉर्कशायरमधला एअर रायफल क्लब या दृष्टीने अत्यंत सुसंस्कृत आहे.

क्लबाला स्वतःचं मैदान नाही. (आमच्याकडे रीतच आहे: शेतकऱ्याच्या जागेत नेमबाजी करायची आणि भाड्यापोटी त्याच्या घुशी मारायच्या.) मेटकाफबाईंनी नवरा गेल्यावरही मागचं कुरण आम्हाला वापरू दिलं, खुराड्यातल्या घुशींचा बंदोबस्त आमच्याकडे. आमचे तेव्हाचे चौदाच्या चौदा सभासद घुशी मारण्याच्या ठाम बाजूचे होते. प्रत्यक्षात एकच मेली (ती आमच्यातल्या थॅक्रेच्या मोटारीखाली आली).

जुलैत बाईंचा फोन आला. "अहो, अंडी नेतात ते नेतात, काल पिल्लू नेलं मेल्यांनी! माझ्या डचेसला काही झालं तर याद राखा!" डचेस म्हणजे त्यांची मूठभर अंगाची सोनेरी कोंबडी. नवऱ्याने हातावर वाढवलेली ती शेवटची. ऑगस्टमधल्या गावच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस तिचंच, हे गावाने धरूनच ठेवलं होतं.

प्रसंग गंभीर होता, म्हणून आम्ही सभा बोलावली. आमच्या बंदुकीचा छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो; ती हवा बंदुकीत साठवायची कशात, हा मूळ प्रश्न. बॅरलखाली सडपातळ नळी असेल तर बंदूक सुटसुटीत राहते, खुराड्याच्या झरोक्यातूनही आत जाते. पण हवा लवकर संपते. बाटली असेल तर दुपारभर मारत बसा. पण बंदुकीला पोट सुटतं.

"घुशी काय रांग लावून येतात? सभ्य माणसाला एका घुशीला एक छर्रा पुरतो," आउथवेट म्हणाला. तो नळीवाला.

"पुरतो, लागला तर," बाटलीवाला थॅक्रे म्हणाला. "तुझा नेम बघता तुला हवेची विहीर खणून द्यावी लागेल, लेका!"

सभा पुढच्या शनिवारपर्यंत तहकूब झाली, मग त्याच्याही पुढच्या. अखेर शास्त्रोक्त चाचणी घ्यायचं ठरलं, तीही बाईंच्याच कुरणात, कारण अडचण त्यांची होती. पत्र्याच्या घुशी मांडल्या. (खऱ्या घुशी एका जागी उभ्या राहत नाहीत, त्यामुळे निष्कर्ष दूषित होतात.)

बाई चहा घेऊन आल्या. "अहो, घुशी तिकडे आहेत, खुराड्यात!"

"बाई, आधी चाचणी," आउथवेट म्हणाला. त्याची नळी रिकामी झाली होती आणि तो लालबुंद होऊन हातपंप मारत होता.

तेवढ्यात भर दुपारी एक घूस कुंपणाखालून निघाली आणि चाचणीच्या मधून सावकाश चालत खुराड्यात शिरली. थॅक्रे धावला. बाटलीत हवा ठासून भरलेली, पण बाटली झरोक्यात अडकली. मग आउथवेटने नळी आत घातली. ती अलगद गेली आणि फुस्स झाली. "अहो, दार उघडा ना, दार!" बाई ओरडल्या. पण दार चाचणीच्या कक्षेत येत नव्हतं. आत एकच कलकलाट झाला.

"बघितलंस तुझ्या बाटलीचं पोट?"

"आणि तुझी फुसकी नळी?"

दोघांचेही मुद्दे बिनतोड होते. मला मात्र फार वाईट वाटलं (चहा गार झाला होता).

संध्याकाळी बाईंनी शेजाऱ्याचा टेरियर कुत्रा आणला. अंधार पडायच्या आत त्याने एकूणएक घुशी संपवल्या. त्याच्या कार्यपद्धतीवर आम्ही चर्चा केली. परंतु त्याच्यात हवा साठवण्याची सोयच नसल्याने त्याचा निकाल ग्राह्य धरता आला नाही. "कप ठेवा तिथे आणि चालते व्हा," एवढंच बाई म्हणाल्या. कुरणाचं फाटक तेव्हापासून बंद आहे.

आता आमचे दोन क्लब झाले आहेत. एकाच पबमध्ये, दोन टोकांच्या टेबलांवर बसतात. मैदान कोणालाच नाही, पण सभासद वाढताहेत.

वाचकहो, इथवर येईपर्यंत नळी बरी की बाटली, हे तुम्हीही मनाशी ठरवलं असेलच. काय ठरवलं ते आम्ही विचारत नाही. आलात की आपलं टेबल आपोआप सापडतं. डचेस त्या दुपारीच गेली. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगायचं राहून गेलं. सभासद व्हायला आमच्याकडे एवढी पात्रता पुरते.