मिस ओपलचं रिकामं भांडं

कोरिनच्या नवऱ्याची, डेलबर्टची, अट एकच होती : आठवडाभर कुणाच्या चिमूटभर मिठालाही हात न लावता राहून दाखवायचं. जमलं, तर ओझार्कच्या डोंगरातली ती झऱ्याकाठची जमीन घ्यायची. नाही जमलं, तर मुकाट्याने सेंट लुईस शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी परत.

कोरिनचा त्या जमिनीवर जीव जडला होता. आठवड्यासाठी तिथेच घेतलेल्या भाड्याच्या घरामागे घेवडा लगडला होता, डब्यात मक्याचं पीठ होतं, कडेवर तान्ही टेस होती. आणखी काय हवं?

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मिस ओपल दारात उभ्या. हातात काचेचं भांडं, त्यात चीज घालून भाजलेले बटाटे.

"घे गं पोरी. तान्हं लेकरू घेऊन रांधतेस तरी कधी?"

"नको मिस ओपल, आम्ही खरंच कुणाकडून काही..."

"मग काय, हे घेऊन रस्त्याने मिरवत जाऊ?"

भांडं ओट्यावर ठेवून म्हातारी पसार. बटाट्यांचा वास घरभर. पण शब्द म्हणजे शब्द! कोरिनने डोळे मिटून सगळे बटाटे घरमालकाच्या कोंबड्यांपुढे ओतले. भांडं लखलखीत घासलं, मिस ओपलच्या ओसरीवर ठेवलं आणि टेसला घेऊन अक्षरशः पळ काढला. थांबली असती तर भांडं पुन्हा भरून मिळालं असतं.

तिला एक ठाऊक नव्हतं. त्या खोऱ्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नसे. अगदी काही नसलं, तर लोक एक अंडं तरी ठेवत. अंडंही नाही, याचा अर्थ घरात दाणा उरला नाही. मिस ओपलनी डोळे पुसत चर्चमधल्या बायकांना फोन लावला.

डेलबर्ट जमिनीची माती पाहून परतला, तर अंगणात ट्रकांची रांग.

"कोण गेलं?" तो किंचाळला.

मिस ओपलचा भाऊ वर्नन काखेत डुकराची भाजलेली तंगडी धरून पुढे आला. "लाजू नकोस भावा. वाईट दिवस सगळ्यांवर येतात."

"आमच्यावर नाही आले!"

"हो, हो. आमचा धाकटाही असंच म्हणायचा."

ओट्यावर जागा उरली नाही, तेव्हा बायकांनी केक पाळण्यात ठेवले. कुणीतरी टेसच्या दुधासाठी बकरी आणून खांबाला बांधली. शेवटी कोरिनला राहवेना. रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं, कोंबड्यांसकट.

"माझे बटाटे," मिस ओपल सावकाश म्हणाल्या, "कोंबड्यांनी खाल्ले?"

"भांडून खाल्ले."

म्हातारी आधी गालात हसली, मग कमरेवर हात ठेवून खो खो. सगळं अंगण हसायला लागलं. परत मात्र कुणी काही नेलं नाही. उलट ताटं वाढली गेली.

डेलबर्टने तिसऱ्यांदा तंगडीचा तुकडा घेतला आणि गंभीरपणे मान हलवली. "नापास. स्वावलंबी राहण्याच्या दृष्टीने हा मुलूख अगदीच कुचकामी आहे."

कोरिनने टेसला घट्ट धरलं. "म्हणजे... परत जायचं?"

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. बोटं चाटत तो वर्ननकडे वळला. "काय हो, झऱ्याकाठच्या त्या जमिनीला कुंपण घालायचं, तर एकट्याला जमेल का?"

"एकट्याला कशाला?" वर्नन म्हणाला. "शनिवारी आम्ही सगळे येतोय. मघाशी फाटकापाशीच ठरलं. तुला सांगायचं तेवढं राहिलं."