पीकेडी प्रलंबित

नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून हेडक्लार्कांनी मान डोलावण्यात चांगलीच प्रगती केली होती. सीआरएम म्हटलं की डोलवायची, एपीआय म्हटलं की जरा सावकाश डोलवायची. ऑफिसात सगळेच डोलवत होते, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. शिवाय बावीस वर्षं सगळे ज्यांना विचारत आले, त्यांनी आता कुणाला विचारायचं?

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांना गाठलं.

"तुमच्या विभागाची यूएटी अजून का झाली नाही?"

यूएटी म्हणजे नवे फॉर्म आपणच आधी भरून बघायचे. एवढंच त्यांना माहीत असतं, तर त्यांनी ते काम केव्हाच उरकलं असतं. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"पीकेडी झाल्याशिवाय यूएटी कशी करणार, साहेब?"

ही अक्षरं तोंडात कुठून आली, ते त्यांनाही कळलं नाही. साहेबांनी मात्र मान डोलावली. मग सगळ्यांनीच डोलावली.

"मुद्दा बरोबर आहे," सॉफ्टवेअरवाला म्हणाला. "पीकेडी आधीच व्हायला हवं होतं. थांबा, टाकून देतो."

कोड लिहावा लागत नाही, हेच तर त्या सॉफ्टवेअरचं कौतुक. त्याने पडद्यावर एक चौकोन ओढला, सोडला आणि प्रत्येक अर्जाच्या वाटेत 'पीकेडी' नावाची पायरी बसवली.

मंगळवारी टाचण्यांची मागणी तिथे अडकली. बुधवारी पंख्याची दुरुस्ती अडकली. हेडक्लार्क मनातल्या मनात हसले. गुरुवारी त्यांनी स्वतःच्या रजेचा अर्ज उघडला. शनिवारी लेकीचा पदवीदान समारंभ होता, तोही परगावी. अर्जासमोर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'पीकेडी प्रलंबित.'

"झाली का रजा मंजूर?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"होतेय गं. थोडं पीकेडी राहिलंय."

"शाळेत असताना तिच्या एकाही कार्यक्रमाला आला नाहीत. दर वेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. या वेळी पोरीला तुम्हीच फोन करा."

हे मात्र त्यांना फार लागलं. शुक्रवारी सकाळी ते साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

"साहेब, पीकेडी असं काही नसतंच. मी त्या दिवशी घाबरून बोललो."

साहेब दचकले.

"अहो, हळू बोला! आपलं पीकेडी ऐंशी टक्के झालंय, असं मी वर कळवलंय. त्यांनी अभिनंदनही केलंय."

"मग आता?"

साहेबांनी थोडा विचार केला. "उरलेल्या वीस टक्क्यांसाठी तुम्ही दौऱ्यावर जा. तीन दिवस. कुठे जाताय?"

हेडक्लार्कांनी लेकीच्या शहराचं नाव सांगितलं.

शनिवारी सभागृहात ते पहिल्या रांगेत बसले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपताच लेक गाऊन सावरत धावत आली.

"बाबा, नोकरी मिळाली! तुमच्या ऑफिसात आहे ना, तेच सॉफ्टवेअर आहे त्यांच्याकडे. कालच्या मुलाखतीत एकाच प्रश्नाला अडले होते."

"कुठल्या?"

"पीकेडीचा अनुभव आहे का म्हणाले."

हेडक्लार्कांनी आवाज खाली आणला. "मग? काय सांगितलंस?"

"काही नाही," लेक हळूच म्हणाली. "मान डोलावली."

हेडक्लार्कांनी तिला जवळ घेतलं. इतकी वर्षं सगळे म्हणत आले होते, की पोरगी आईवर गेली आहे.