अहो, गॅस बंद केलात का?

समोरचं प्लायवुडचं कुंपण गेलंय हे सूर्यकांतला कळलं ते मंगळवारी सकाळी पावणेसातला. बिल्डिंगच्या गेटातून तो बाहेर पडला, सवयीने रस्त्यापलीकडे बघितलं आणि बघतच राहिला. दीड वर्षं जिथे हिरवं कुंपण होतं तिथे आता थेट नवी इमारत उभी होती, काचा पुसून तयार.

दुबईच्या अल कुसैस भागातल्या त्या गल्लीतलं दुसरं कोणीही म्हणालं असतं, चला, झालं एकदाचं बांधकाम. सूर्यकांत मात्र रस्ता ओलांडून कुंपण शोधायला लागला. त्या कुंपणावर त्याच्या बायकोचं अक्षर होतं.

मनोरमाला डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्ये सांगायचं ते सांगून टाकलं, आणि वर रोज थोडं चालत जा असंही सांगितलं. मग दोघं संध्याकाळी गेटपासून बसस्टॉपपर्यंत चालायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने पर्समधून ब्लाउज बेतायचा खडू काढला आणि गेटासमोरच्या फळीवर एक शेगडी काढली. शेगडीवर कुकर. कुकरला डोळे, तेही वटारलेले. खाली लिहिलं, ‘अहो, गॅस बंद केलात का?’

“अगं, काय करतेस हे? इथे भिंतीवर काढलेलं चालत नाही. फाइन मारतील!”

“ही भिंत कुठेय? फळी आहे. आणि मी गेल्यावर तुमच्यावर ओरडणार कोण? शुभ्राला मराठीत ओरडता येत नाही.”

मुद्दा खरा होता. त्यांची मुलगी दुबईतच वाढली होती. रागावली की इंग्रजीत रागवायची, आणि ते त्याला लागायचं नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीन फळ्या झाल्या. ‘अहो, नळ बघितलात का?’ ‘अहो, डबा घेतलात का?’ आणि बसस्टॉपजवळ, ‘अहो, चष्मा डोक्यावर आहे.’ क्रम विचार करून ठरवलेला होता. गॅससाठी परत वर जावं लागतं म्हणून तो गेटाजवळ. चष्म्यासाठी कुठेच जावं लागत नाही, म्हणून तो शेवटी.

मनोरमा जानेवारीत गेली. दवाने खडू पुसट व्हायला लागला तेव्हा सूर्यकांतने तिचाच उरलेला खडू घेतला आणि दर रविवारी उजाडता उजाडता तिच्याच रेघांवरून हात फिरवायला सुरुवात केली. एकदाही गॅस चालू राहिला नाही.

मधल्या काळात जे झालं त्यात या दोघांचा काही हात नव्हता. कोणीतरी फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकले. मग त्यांचं एक पेज झालं, पेजला चाळीस हजार माणसं मिळाली. चित्रकार कोण हे माहीत नसल्यामुळे आणि प्रत्येक ओळ एकाच शब्दाने सुरू होत असल्यामुळे लोकांनी त्याचं नावच ‘अहो’ ठेवलं. फाइनच्या भीतीने शुभ्रालाही घरात कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती रोज जेवताना नवा अर्थ वाचून दाखवायची.

“बाबा, गॅसवालं इज अबाउट क्लायमेट. नळ म्हणजे वॉटर क्रायसिस. डबा इज मायग्रंट लेबर.”

“आणि चष्मा?”

“ह्युमॅनिटी हॅज व्हिजन बट डझन्ट यूज इट. सो डीप, ना?”

“फार,” सूर्यकांत म्हणाला आणि डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

एकाने तर ‘अहो’च्या कारकिर्दीचे दोन कालखंडही पाडले होते. पहिला ठाम रेघेचा. दुसरा फेब्रुवारीपासूनचा, रेघ थरथरते, कलाकाराच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं दिसतं. ते वाचून सूर्यकांत ताटावरून उठला आणि उगाचच नळ बघून आला.

तर अशा त्या चार फळ्या मंगळवारी गायब. वॉचमन लियाकत गेटावरच होता.

“सफेद पिकअप आया था, सूर्यकांतभाई. चार आदमी. हाथ में दस्ताने. फोटो निकाला, नाप लिया, फिर चारों फळी कंबल में लपेट के ले गए.” मराठी बिल्डिंगमध्ये बारा वर्षं काढल्यामुळे लियाकतच्या हिंदीत अशी एखादी फळी सापडायची.

“पुलिस थी क्या?”

“पुलिस कंबल नहीं लाती, भाई.”

पण घाबरलेल्या माणसाला कांबळी दिसत नाहीत, हातमोजेच दिसतात. पुरावा नेला, सूर्यकांतने ठरवूनच टाकलं. त्या दिवशी तो डबा न घेता ऑफिसला गेला आणि तिथे अर्धा तास चष्मा शोधत बसला. शेवटी शेजारच्या टेबलावरचा विजयकुमार कंटाळून म्हणाला, “सर, डोक्यावर.” हे ऐकून सूर्यकांतच्या डोळ्यांत पाणी का आलं ते विजयकुमारला कळलं नाही. त्याने चहा मागवला.

संध्याकाळी शुभ्रा धावतच आली. “बाबा! दे सेव्ह्ड अहो! एका गॅलरीने कॉन्ट्रॅक्टरला विचारून पॅनल्स नेली. सॅटर्डेला एक्झिबिशन आहे!”

“पुसली नाहीत?”

“नो!”

“नक्की ना? एकही पुसली नाही?”

“बाबा, दे आर बिहाइंड ग्लास. व्हाय आर यू क्राइंग?”

“कांदा,” सूर्यकांत म्हणाला. घरात कोणी कांदा चिरत नव्हतं.

फळ्या सुखरूप होत्या, पण परक्याच्या काचेत होत्या. दोन दिवस विचार करून त्याने ठरवलं, कबूल व्हायचं. फाइन झाला तर भरू, व्हिसा गेला तर मुलुंडला जाऊ, पण ती गॅसची फळी घरी आणायची. शनिवारी सकाळी, परत आल्यावर जेवायला हवं म्हणून, त्याने तुरीची डाळ कुकरला लावली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि शुभ्राबरोबर निघाला. गेटाबाहेर त्याने समोर बघितलं. समोर नुसत्याच काचा होत्या.

गॅलरीत चार फळ्या चार दिव्यांखाली उभ्या होत्या आणि वीसेक माणसं त्यांच्यापुढे हळू आवाजात बोलत होती. कुकरचे डोळे अजून वटारलेलेच होते. ते बघून सूर्यकांतला फार बरं वाटलं. गॅलरी चालवणारी बाई, फिरदोस, समोर आली तसा तो एका दमात म्हणाला, “मॅडम, ये सब मेरे घर का है. जो सज़ा है, मुझे दीजिए.”

“अंकल,” फिरदोस थकलेल्या आवाजात म्हणाली, “आप ग्यारहवें हैं.”

“क्या?”

“सुबह से दस लोग ‘अहो’ बनके आ चुके. एक तो वकील लेके आया था.” तिने त्याच्या हातात खडू आणि काळा कागद दिला. “बना के दिखाइए.”

शुभ्राला जमिनीत जावंसं वाटत होतं. “बाबा, प्लीज. पीपल आर वॉचिंग.”

सूर्यकांतने शेगडी काढायला घेतली. खाली रेघ नव्हती. हात इकडे गेला, तिकडे गेला, आणि शेवटी जे झालं ते शेगडीपेक्षा स्टूल जास्त दिसत होतं. कुकरचे डोळे तर झोपाळू आले.

“ये हाथ किसी और की लकीर पे चलने वाला हाथ है,” फिरदोस म्हणाली. बाईला चित्रातलं खरंच कळत होतं. “यल्ला, चलिए अंकल, खलास. आराम से प्रदर्शनी देखिए.”

तेवढ्यात फोन वाजला. लियाकतचा होता आणि लियाकतला फोनवर हळू बोलता येत नसे.

“भाई! आपके घर से धुआँ! पूरी बिल्डिंग नीचे खड़ी है! गैस बंद नहीं किया क्या?”

वीसच्या वीस माणसांनी आधी सूर्यकांतकडे बघितलं, मग पहिल्या फळीकडे, मग पुन्हा सूर्यकांतकडे.

“लियाकत! आग लगी?”

“अरे नहीं, मैंने चाबी से खोल के बंद कर दिया. घर एकदम ठीक है. सिर्फ़ दाल गई. और कुकर... कुकर का मुँह मत देखना.”

सूर्यकांत पहिल्या फळीसमोर जमिनीवरच बसला. घर शाबूत होतं. शुभ्रा त्याच्या बाजूला होती. फळी डोळ्यांसमोर होती.

फिरदोस त्याच्यापुढे उकिडवी बसली. “अंकल, लिखाई आपकी नहीं है,” ती हळूच म्हणाली. “लेकिन लिखा आपके ही लिए है. किसने लिखा?”

“मेरी मिसेस ने. मनोरमा.”

शुभ्राने आ वासला. “मॉम वॉज अहो?”

“नाही गं. अहो मीच. लिहिणारी ती.”

शुभ्रा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. फिरदोसने ‘अज्ञात’ लिहिलेली पट्टी काढली आणि पेन हातात घेऊन थांबली. “नाम लिख दूँ? कॉन्ट्रॅक्टर को तो कोई शिकायत नहीं. उन्हें कोई तकलीफ़ तो नहीं होगी? वीज़ा वग़ैरह?”

“उनका वीज़ा?” सूर्यकांत म्हणाला. “वो तो मैंने ही कैंसल कराया, जनवरी में.” आणि हे वाक्य बोलताना, सहा महिन्यांत पहिल्यांदा, त्याला हसू आलं.

महिनाअखेरीस गॅसची फळी घरी आली. ती लिफ्टमध्ये मावली नाही. लियाकत आणि सूर्यकांतने चार मजले जिन्याने चढवली, आणि प्रत्येक मजल्यावर लियाकतने कलेबद्दलचं आपलं मत सांगितलं. बाकीच्या तीन गॅलरीतच आहेत, खाली मनोरमाचं नाव आहे आणि चष्म्यासमोर अजूनही माणसं गंभीर होऊन उभी राहतात. स्वयंपाकघरातल्या फळीने अर्धी खिडकी झाकली गेली आहे. दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि बाहेर पडताना सूर्यकांत गॅस बंद करतो.

तो करपलेला कुकर अजून सिंकमध्ये भिजत घातलेला आहे. घासायचा राहिलाय.